साठ मोबाइल, एक राउटर आणि अडकलेलं कीर्तन

परवा आमच्या सोसायटीच्या हॉलबाहेर साठेक जण मोबाइलवर आतलं कीर्तन बघत होते. इंटरनेट नाही, फक्त हॉलचं वायफाय. दहा मिनिटांत बुवांचा हात हवेतच थांबला!

हिशेब साधा आहे. व्हिडिओ ३ एमबीपीएसचा. प्रत्येकाला वेगळी प्रत दिली की ६० × ३ = १८० एमबीपीएस. आमच्या जुन्या राउटरला ते झेपणारं नव्हतं.

मग एकच प्रत सगळ्यांना का नाही? त्यालाच मल्टिकास्ट म्हणतात. पण वायफायवर इथेच गोची आहे. एकाच फोनला पाठवलेलं डेटाचं पाकीट पोचलं की फोन पोच देतो. नाही पोचलं तर राउटर पुन्हा पाठवतो. मल्टिकास्टला अशी पोच नसते. शिवाय कोपऱ्यातल्या फोनलाही ऐकू जावं म्हणून राउटर सहसा सर्वांत कमी वेगाने बोलतो. २.४ गिगाहर्ट्‌झवर तो वेग बरेचदा १ एमबीपीएस असतो. त्यात ३ चा व्हिडिओ कसा मावणार?

उपाय? राउटरच्या सेटिंगमध्ये हा किमान वेग वाढवा, ५ गिगाहर्ट्‌झ वापरा. प्रेक्षक पाच-दहाच असतील तर मल्टिकास्टचं युनिकास्ट, म्हणजे प्रत्येकाला वेगळी प्रत, करणारी सोय चालू करा.

मला सर्वांत आवडणारी युक्ती वेगळीच. दर दहा पाकिटांमागे गणिताने बनवलेली दोन जादा पाकिटं पाठवायची. तुमचं तिसरं हरवलं, माझं सातवं. तीच जादा पाकिटं दोघांची भरपाई करतात. पुन्हा मागायला नको.

कोणाच्या मंडळात असा प्रयोग झालाय का? राउटरचं मॉडेल सांगा, सेटिंग शोधू.