पोकर स्पर्धा, लहान

ठरावीक प्रवेशशुल्क भरून आठ-दहा खेळाडूंनी एकाच मेजावर, अखेरीस एकच जण उरेपर्यंत खेळावयाचा पोकरचा प्रकार. आरंभी सर्वांना सारख्याच चिप्स मिळतात व त्या संपल्या की खेळाडू बाद होतो. चिप्सचे पैसे करून मध्येच उठता येत नाही. दहा जणांच्या स्पर्धेत जमलेल्या रकमेचे ५०, ३० व २० टक्के असे वाटप पहिल्या तिघांत करण्याची पद्धत रूढ आहे.

खेळ बहुधा टेक्सस होल्डेम पद्धतीचा असतो. प्रत्येकास दोन पाने झाकून वाटतात, नंतर पाच सामाईक पाने तीन, एक, एक अशा टप्प्यांनी उघडतात आणि सातांतून उत्तम पाच पाने निवडली जातात. वाटणाऱ्याच्या डावीकडील दोघांना डावापूर्वी सक्तीची पैज लावावी लागते. तिला ‘ब्लाइंड’ म्हणतात. ती ठरावीक वेळाने वाढत जाते. प्रारंभी मात्र ती १,५०० चिप्समागे १० व २० इतकी अल्प असते. त्यामुळे पाने टाकून स्वस्थ बसण्यास फारसा खर्च येत नाही.

५२ पानांतून दोन पानांच्या १,३२६ जोड्या संभवतात. एक्क्यांची जोडी त्यांपैकी सहा प्रकारांनी जुळते, म्हणजे सरासरीने २२१ डावांत एकदा. एक्के, राजे व राण्या यांच्या जोड्या आणि एक्का-राजा हे सर्व मिळून ३४ प्रकार होतात. ३९ डावांत एकदा. पहिल्या टप्प्यात असे हात एखादेवेळीच येतात, म्हणूनच ते कसे खेळावेत याला महत्त्व आहे.

नवख्या खेळाडूस एक्के मिळताच ते लपविण्याचा मोह होतो. तो पैज न वाढविता केवळ बरोबरी करतो आणि चार-पाच जण स्वस्तात डावात शिरतात. कोणतीही पाने असलेल्या एका प्रतिस्पर्ध्याविरुद्ध एक्के शंभरात सु. ८५ वेळा जिंकतात. चौघांविरुद्ध हे प्रमाण सु. ५६ व नऊ जणांविरुद्ध सु. ३१ पर्यंत उतरते. म्हणून मोठ्या ब्लाइंडच्या तिप्पट-चौपट पैज लावावी आणि अगोदर कोणी बरोबरी करून आत आला असल्यास दर माणशी आणखी एका ब्लाइंडची भर घालावी, हा सर्वसाधारण संकेत आहे. अल्प शुल्काच्या स्पर्धांत पाने टाकून देण्याची कोणाची तयारी नसते. तेथे याहून मोठी पैजही स्वीकारली जाते. अशा मेजावर हूल देण्यात अर्थ नाही.

याच्या उलट बाजूकडे मात्र पुष्कळांचे दुर्लक्ष होते. चिप्स दुप्पट झाल्या म्हणजे बक्षिसाची अपेक्षाही दुप्पट होते असे नाही. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड हार्व्हिल यांनी १९७३ मध्ये घोड्यांच्या शर्यतींसाठी स्थानांच्या संभाव्यतांचे एक सूत्र मांडले. मेसन माल्मथ यांनी १९८७ मध्ये तशीच पद्धत पोकरला लावली. प्रथम येण्याची संभाव्यता चिप्सच्या प्रमाणात धरून, आयोजकाचा आकार वगळता, प्रत्येकी १,००० रु. शुल्काच्या दहा जणांच्या स्पर्धेचा हिशेब केल्यास, पहिल्याच डावात दुप्पट झालेल्या खेळाडूची अपेक्षा २,००० रु. नव्हे, तर सु. १,८४४ रु. येते. हरणाऱ्याचे मात्र पुरते १,००० रु. जातात. अर्थात सर्व चिप्स पणाला लावण्यासाठी शंभरात निदान ५४ वेळा विजयाची खात्री हवी. पन्नास पुरत नाहीत.

एक्का-राजा या दिमाखदार हाताची खरी परीक्षा येथे होते. राण्यांच्या जोडीविरुद्ध तो शंभरात ४३ ते ४६ वेळाच जिंकतो. पैज वाढविण्यास तो उत्तम. दुसऱ्याने सर्वस्व लावल्यावर स्वीकारण्यास दुबळा. राण्यांचीही गत निराळी नाही. प्रतिस्पर्धी केवळ एक्के, राजे किंवा एक्का-राजा यांवरच सर्व चिप्स लावणारा असेल, तर राण्या शंभरात सु. ४० वेळाच तरतात आणि त्या टाकून देणेच योग्य ठरते. सामाईक पाने उघडल्यावर सावध खेळाडू अचानक मोठी पैज लावू लागला, तर एक्क्यांची जोडीही सोडावी लागते. ते बहुतेकांच्या जिवावर येते.

हे कौशल्य मानावे की दैव, यावर न्यायालयांत एकमत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला. पोकरबाबत मात्र गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये प्रतिकूल, तर मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अनुकूल मत दिले. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक अधिनियम निव्वळ कौशल्याचे खेळ वगळतो. कॅसिनोंना परवाने देऊ पाहणारा राज्याचा १९७६ चा अधिनियम कधीच अंमलात आला नाही व २०२३ मध्ये तो रद्द झाला. गोव्यात १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यांत्रिक खेळांना व १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर पत्त्यांच्या मेजांना वाट मिळाली. पणजीजवळ मांडवी नदीतील तरंगते कॅसिनो त्यातूनच आले. नवी मुंबईतील खारघरसारख्या वसाहतींतील खेळाडूस घरबसल्या मोबाइलवर पैसे लावून अशा स्पर्धा खेळता येत असत. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या केंद्रीय अधिनियमाने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना, ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, मनाई केली. त्यातील शिक्षा असे खेळ चालविणाऱ्यांस व त्यांची जाहिरात करणाऱ्यांस आहे, खेळणाऱ्यास नाही.