गाठ कुठे आहे, हे आधी कळायला हवं

‘ताठ कणा’ चित्रपटामुळे मणक्याचे सर्जन डॉ. प्रेमानंद रामाणी यांचं नाव पुन्हा घरोघरी पोचलं. मणक्याच्या ऑपरेशनवर लोक बोलू लागले, हे फार चांगलं झालं. त्यातच मणक्यातल्या गाठीबद्दल ‘कॉम्प्युटरने ऑपरेशन’ हे शब्द कानावर येतात, म्हणून हा लेख.

गाठ म्हटलं की घर हादरतं. पण मज्जारज्जूला खेटून वाढणाऱ्या श्वानोमा, मेनिंजिओमा या गाठी बहुतेक वेळा कॅन्सरच्या नसतात. वर्षानुवर्षं हळूहळू वाढतात. मात्र कण्याच्या नळीत जागाच नसते, त्यामुळे साधी गाठही मज्जारज्जू चेपते. लंडनच्या व्हिक्टर हॉर्सलींनी १८८७ मध्ये अशी गाठ यशस्वीपणे काढली. एक्स-रे तेव्हा यायचा होता. पाठ उघडली तर गाठ दिसेना. वरचं आणखी हाड काढलं, तेव्हा सापडली. रुग्ण पुढे चालू लागला.

कॉम्प्युटर नेमकी हीच अडचण सोडवतो. छातीमागचे बारा मणके दिसायला जवळपास सारखेच, त्यामुळे सातवा की आठवा यात चूक होऊ शकते. मणक्याला एक छोटी चौकट घट्ट बसवतात, तिच्यावर चकाकते गोळे असतात. कॅमेरा ते गोळे टिपतो आणि हत्याराचं टोक स्कॅनवर कुठे आहे ते पडद्यावर दिसतं. मग पाठीत घातलेल्या, जेमतेम दोन सेंटिमीटर रुंदीच्या नळीतून, स्नायू न कापता बाजूला सारून काम होतं. चौकटीला धक्का लागला, तर मात्र पडदा चुकीची जागा दाखवतो.

आणि गाठ सोडवतो तो माणूसच. सूक्ष्मदर्शकाखाली, धाग्यासारख्या नसांमधून. यंत्र जागा दाखवतं, हात नाही चालवत. मोठ्या किंवा चिकटलेल्या गाठीला मोठा छेदच योग्य, असं डॉक्टर म्हणाले तर त्यांना मागासलेले समजू नका.

नाशिकजवळच्या आपल्या पिंपळगाव बसवंतला द्राक्षबागेत वाकून किंवा बाजारात टोमॅटोचे कॅरेट उचलून पाठ दुखणं रोजचंच. म्हणूनच गाठीची खरी खूण निसटते. रात्री आडवं झाल्यावर वाढणारं दुखणं, पाय जड पडणं, लघवी अडणं, आणि चालताना चप्पल पायातून निघून गेली तरी न कळणं. घरात कुणाचं असं होत असेल, तर चोळत बसू नका. नाशिक तासाभरावर आहे. मेंदू-मणक्याच्या डॉक्टरांना दाखवून एमआरआयबद्दल विचारा.