वाफेविना झुकझुक

‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे १९२३ साली इंग्लंडमधल्या डॉनकास्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन. त्याचं १:७६ प्रमाणातलं मॉडेल टेंडर (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) धरून जेमतेम सव्वा वीत भरतं. आत ना पाणी, ना कोळसा. आहे ती एक विजेची मोटर, आणि ती बिचारी नुसती कुरकुरते. मग याच इंजिनाला चढावर धापा टाकायला आणि उतारावर हलकं व्हायला कोण शिकवतं?

टेंडरमध्ये बसवलेली, तीनेक सेंटिमीटर लांबीची एक सर्किटची पट्टी. तिला म्हणतात साउंड डिकोडर. आत खऱ्या इंजिनांचे आवाज साठवलेले असतात. पण आवाज साठवणं ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट. कुठला आवाज नेमका कधी सोडायचा, हे तिला कळतं कसं, खरी गंमत तिथे आहे.

आधी हुकूम कसा पोचतो ते पाहू. जुन्या पद्धतीत रुळांत जास्त व्होल्ट सोडले की वेग जास्त. एकाच रुळावर दोन इंजिनं उभी असली, की दोन्ही एकदम सुटायची! १९८०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतल्या बर्न्ड लेंझ यांच्या कंपनीने यावर तोडगा काढला. रुळांत वीज कायमच ठेवायची, पण तिची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट करायची. दर ५८ मायक्रोसेकंदांनी उलटली तर तो १, शंभर किंवा अधिक लागले तर तो ०. म्हणजे जी वीज मोटर फिरवते, तीच निरोपही आणते! रुळावरचं प्रत्येक इंजिन प्रत्येक निरोप वाचतं आणि आपल्या पत्त्याचा नसेल तर सोडून देतं. नव्या डिकोडरचा पत्ता बहुधा ३ असतो. तो बदलता येतो.

डिकोडर बसवणं म्हणजे मात्र शस्त्रक्रियाच. जुन्या मॉडेलचं कवच उघडलं की पहिला शत्रू दिसतो: मोटरच्या दोन ब्रशांपैकी एक अनेकदा थेट धातूच्या सांगाड्याला टेकलेला असतो, आणि सांगाडा एका रुळाला. तो आधी वेगळा करायचा, मल्टिमीटरने खात्री करायची. हे राहिलं तर रुळातली वीज उलट्या वाटेने डिकोडरमध्ये शिरते आणि महागडी पट्टी धूर काढून मोकळी होते. (वाफेच्या इंजिनातून निघालेला असला, तरी हा धूर कुणालाच नको असतो.) मग वायरी. लाल आणि काळी रुळांकडून येणारी, केशरी आणि करडी मोटरला जाणारी. प्रत्येक जोडाला सोल्डर, त्यावर उष्णतेने आवळणारी नळी.

स्पीकरच्या वायरी वेगळ्या. तो जेमतेम ११ बाय १५ मिलिमीटरचा, आणि उघडा ठेवला तर चिरका, पोकळ वाजतो. का? त्याचा पडदा पुढे ढकलला जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन लाटा कडेने वळून एकमेकींना भेटल्या की एकमेकींना खाऊन टाकतात, आणि पहिला बळी जातो खर्जाचा. म्हणून मागे हवाबंद डबी हवी. वायरी आत जातात ते भोकही डिंकाने बुजवायचं. त्या एका भोकाने केवढा फरक पडतो, हे ऐकल्याशिवाय पटत नाही.

आता डिकोडरला विचारू: तुझा पत्ता किती? पण त्याला उलट बोलायला ना वेगळी वायर, ना अँटेना. तरी तो उत्तर देतो, आणि कसं, तर नंदीबैलासारखं! चाचणीच्या रुळावर कंट्रोलर एकेक प्रश्न विचारतो: तुझा पहिला अंक १ आहे का? असेल, तर डिकोडर मोटरला सुमारे ६ मिलिसेकंद झटका देतो. तेवढ्यापुरता रुळातून जास्त करंट ओढला जातो आणि कंट्रोलरला कळतं, हो म्हणाला. अशा आठ प्रश्नांत पत्ता उलगडतो. नीट पाहिलंत तर इंजिन जागच्या जागी दचकताना दिसतं.

राहिल्या त्या धापा. फिरणारी मोटर स्वतःही वीज निर्माण करत असते. डिकोडर क्षणाच्या अंशापुरता मोटरचा पुरवठा तोडतो आणि ती किती वीज उलट देते ते मोजतो. त्यावरून खरा वेग कळतो. चढ लागला, मागे डबे जास्त झाले, की तोच वेग राखायला डिकोडरला जास्त जोर द्यावा लागतो. चांगला डिकोडर या जोराचं माप आवाजालाही देतो, आणि भकभक जड होते. उतारावर भकभक विरते, कांबींची खणखण तेवढी उरते.

आणि ताल? साध्या दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके. नायजेल ग्रेस्ली यांनी आखलेल्या या इंजिनाला सिलिंडर तीन, म्हणून ठोके सहा. १९३४ साली त्याने ताशी १०० मैल गाठले, तेव्हा त्याचं दोन मीटर व्यासाचं चाक सेकंदाला सात फेरे घेत होतं. म्हणजे बेचाळीस ठोके! इतके जवळ आलेले ठोके कानाला सुटे लागत नाहीत, त्यांची घरघर होते. आता मॉडेल त्याच प्रमाणात पळवा. वेग ७६ पट कमी, चाकही ७६ पट लहान, पण फेरे? सेकंदाला सातच! सगळं इंजिन आक्रसलं, ताल मात्र तसूभरही आक्रसला नाही.

ग्रेस्लींनी मधल्या सिलिंडरची झडप बाहेरच्या दोन झडपांच्या तरफांवर चालवली होती. सांधे झिजले की तिची वेळ चुकते आणि सहा ठोके सारखे पडत नाहीत, इंजिन लंगडतं. ग्रेस्लींच्या इंजिनांवर जीव असलेल्यांना नेमका हाच लंगडा ताल हवा असतो. कारखान्यातून कोऱ्या आलेल्या, कणभरही न झिजलेल्या मॉडेलमध्ये तो मुद्दाम भरून घेणारे शौकीन आहेत.