लाखो डोळ्यांची दुर्बीण

समजा, तुमच्यापुढे आकाशाची नऊ लाख छायाचित्रे ठेवली आहेत. प्रत्येक चित्रासाठी पाच सेकंद आणि रोज आठ तास काम, असे धरले तर सर्व चित्रे पाहून संपायला किती दिवस लागतील? हिशेब करून पाहा. उत्तर येईल सुमारे १५६ दिवस. पण एकदा पाहून भागत नाही, डोळा चुकतो. प्रत्येक चित्र वीस वेळा पाहायचे ठरवले, तर हेच काम साडेआठ वर्षे पुरेल, आणि तेही एकही सुट्टी न घेता!

असा पेच २००७ साली इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञांपुढे उभा राहिला. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या एका अडीच मीटर व्यासाच्या दुर्बिणीने 'स्लोन' या आकाश-पाहणीसाठी लाखो दीर्घिकांची छायाचित्रे घेतली होती. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह. आपली आकाशगंगा ही अशीच एक दीर्घिका आहे. काही दीर्घिका भिंगरीसारख्या सर्पिल असतात, तर काही अंड्यासारख्या लंबगोल. दीर्घिकेचा आकार तिचा पूर्वेतिहास सांगतो, म्हणून आकारानुसार वर्गवारी करणे महत्त्वाचे असते.

मग संगणकाला का नाही सांगायचे? तेव्हाचे संगणक आकार ओळखण्यात कच्चे होते. रंगावरून वर्गवारी करता आली असती, कारण सर्पिल दीर्घिका बहुधा निळसर आणि लंबगोल दीर्घिका बहुधा तांबूस दिसतात. परंतु निळ्या रंगाच्या लंबगोल दीर्घिका असतात काय, हेच तर शास्त्रज्ञांना शोधायचे होते! रंगावरून निवड केली असती, तर नेमक्या त्याच हातून निसटल्या असत्या. केव्हिन शाविन्स्की या तरुण संशोधकाने सुमारे ५०,००० दीर्घिका एकट्याने डोळ्यांखालून घातल्या. पुढे काय?

सर्वांना निमंत्रण

शाविन्स्की, ख्रिस लिंटॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलै २००७ मध्ये ही चित्रे इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली. उपक्रमाचे नाव 'गॅलेक्सी झू', म्हणजे दीर्घिकांचे प्राणिसंग्रहालय! नमुन्याची काही चित्रे पाहून सराव करायचा, मग एकेक दीर्घिका पाहून तिचा प्रकार नोंदवायचा. पदवीची अट नव्हती. पहिल्याच दिवशी तासाला ७०,००० नोंदी येऊ लागल्या. वर्षभरात दीड लाख लोकांनी पाच कोटींहून अधिक नोंदी केल्या.

चूक कशी पकडायची?

नवशिक्यांच्या नोंदींवर विश्वास कसा ठेवावा, असे तुम्ही विचाराल. प्रश्न योग्य आहे. एकच दीर्घिका अनेकांना दाखवली जात असे, आणि प्रत्येकाने स्वतंत्रपणे मत द्यायचे असे. कोणी इकडे चुकतो, कोणी तिकडे, त्यामुळे अशा किरकोळ चुका एकमेकींना मारून टाकतात. पण सगळेच एका बाजूला चुकले तर? तसेच घडले!

नोंदींमध्ये घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरणाऱ्या सर्पिल दीर्घिका जास्त निघाल्या. विश्वाला एक दिशा अधिक प्रिय आहे की काय? शास्त्रज्ञांनी एक साधी युक्ती केली. काही चित्रे आरशात दिसतात तशी उलटवून पुन्हा लोकांना दाखवली. फरक खरोखर आकाशात असता, तर आता सुलट दिशेची संख्या वाढायला हवी होती. तरीही उलट दिशेचीच वाढली! म्हणजे दोष पाहणाऱ्यांकडे होता, आकाशात नव्हता. दोष मोजता आला म्हणून तो वजाही करता आला.

एका शिक्षिकेचा प्रश्न

ऑगस्ट २००७ मध्ये हॅनी व्हॅन आर्केल या नेदरलँड्समधील शिक्षिकेला एका दीर्घिकेखाली निळसर डाग दिसला. "हे काय आहे?" असे तिने विचारले. शास्त्रज्ञांनाही उत्तर ठाऊक नव्हते. पुढील निरीक्षणांतून कळले, की तो सुमारे ६५ कोटी प्रकाशवर्षांवरचा वायूचा प्रचंड ढग आहे. शेजारच्या दीर्घिकेचा गाभा पूर्वी अतिशय तेजस्वी होता. तो मंदावला, परंतु त्याने पूर्वी फेकलेल्या प्रकाशाने ढग उजळलेलाच राहिला. घंटा थांबल्यावर दूरच्या डोंगरावरून तिचा प्रतिध्वनी यावा, तसा हा प्रकाशाचा प्रतिध्वनी! या वस्तूला 'हॅनीज व्होरवेर्प', म्हणजे 'हॅनीची वस्तू' असे नाव मिळाले.

काही सहभागी लोकांना लहान, गोल, हिरव्या दीर्घिका वारंवार दिसल्या. त्यांना ते गमतीने 'वाटाणे' म्हणू लागले. खरे वाटाणे वेगळे काढण्यासाठी ही मंडळी दीर्घिकांचे वर्णपट वाचायला शिकली. हा अभ्यास त्यांना कोणी नेमून दिला नव्हता. गरज पडली म्हणून ते शिकले. हे वाटाणे म्हणजे अतिशय वेगाने नवे तारे घडवणाऱ्या छोट्या दीर्घिका आहेत, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले.

आपल्या अंगणातही

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे जी.एम.आर.टी. ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तुमच्यापैकी काहींनी पाहिल्याही असतील. डॉ. आनंद होता यांनी २०१३ साली सुरू केलेल्या 'रॅड ॲट होम' या उपक्रमात विज्ञान व अभियांत्रिकी शिकलेले तरुण प्रशिक्षण घेऊन या दुर्बिणीच्या चित्रांत वेगळ्या दीर्घिका शोधतात.

पाठ्यपुस्तकातील प्रश्नाचे उत्तर शेवटच्या पानावर असते. येथे मात्र ते शिक्षकांनाही माहीत नसते, दोघांनी मिळून शोधायचे असते. अर्थात नुसते बटण दाबणे म्हणजे शिकणे नव्हे. हॅनीने बटण दाबले, पण ती तेथे थांबली नाही. तिने प्रश्न विचारला, म्हणून शोध लागला.

करून पाहा

शाळेच्या परिसरातून वेगवेगळ्या झाडांची वीस पाने गोळा करा व त्यांना क्रमांक द्या. प्रत्येकाने न बोलता, शेजाऱ्याच्या वहीत न डोकावता, पानाची कड अखंड, दातेरी की खंडित हे लिहावे. मग फळ्यावर तक्ता मांडा. कोणत्या पानांवर मतभेद झाले? का झाले? सर्वांचे एकमत झालेली पाने बाजूला ठेवा, आणि मतभेदाची पाने भिंगाखाली पुन्हा पाहा. नवे काही सापडलेच, तर ते तेथेच सापडेल.