हातचे न राखता

मुंबईच्या फोर्टपासून तालुक्याच्या कोर्टापर्यंत कुठेही जा, जिथे कागदाला कागद जोडावा लागतो तिथे 'झेरॉक्स' अशी पाटी असतेच. एका अमेरिकन कंपनीचे नाव आपण मराठी करून टाकले आहे. "दोन झेरॉक्स काढून आण" असे मुलाला सांगताना ती कंपनी आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसते. पाटीखालचे यंत्र मात्र मोठे नाठाळ. वर्षभर शहाण्यासारखे वागेल आणि प्रवेशाचे फॉर्म भरायच्या दिवसांत नेमके रुसेल. मग मेकॅनिकला फोन जातो. तो येतो, झाकण उघडतो, आवाज ऐकतो, वास घेतो, कुठल्याशा रोलरवरून बोट फिरवतो आणि "होईल" म्हणतो. त्याला हे शिकवले कोणी? पुस्तकाने नव्हे, एवढे नक्की.

हा प्रश्न खुद्द त्या कंपनीलाही पडला होता. तिच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ज्युलियन ऑर नावाचे मानववंशशास्त्रज्ञ होते. मानववंशशास्त्र म्हटले की आपल्याला दूरच्या बेटांवरचे आदिवासी आठवतात. ऑर यांनी निवडली ती यंत्रदुरुस्ती करणाऱ्यांची टोळी. १९८० च्या दशकात ते या तंत्रज्ञांबरोबर गिऱ्हाइकांकडे हिंडले, त्यांच्या पंगतीला जेवले, त्यांच्या गप्पा ऐकत बसले. 'टॉकिंग अबाउट मशीन्स' हे त्यांचे पुस्तक १९९६ साली आले.

कंपनीची समजूत अशी, की दुरुस्तीचे जाडजूड पुस्तक दिले की काम संपले. अमुक क्रमांकाची चूक दिसली तर तमुक भाग तपासा. तो ठीक असेल तर पुढच्या पानावर जा. पण यंत्रे काही पुस्तक वाचून बिघडत नाहीत. ऑर यांनी पाहिलेला एक प्रसंग त्यांच्या अभ्यासात फार महत्त्वाचा ठरला. यंत्र पुन्हा पुन्हा एकच दोष दाखवत होते आणि खरा दोष होता भलतीकडेच. तंत्रज्ञाने अनुभवी सहकाऱ्याला बोलावले. दोघे कित्येक तास यंत्रापुढे होते, आणि त्यांचे मुख्य काम चालले होते गोष्टी सांगण्याचे. 'अशाच एका यंत्रात मागे असे झाले होते', 'पण त्यात आवाज वेगळा होता'... अशी आठवणीला आठवण जोडत ते अखेर चोरापर्यंत पोहोचले. साहेबाने पाहिले असते तर म्हणाला असता, दोन माणसे कामाच्या वेळात गप्पा मारताहेत! आणि तीच तर खरी दुरुस्ती होती.

आपल्याकडे हे कुणाला नवे वाटणार नाही. रेल्वेच्या शेडमध्ये, एस.टी.च्या डेपोत, गिरणीच्या साच्याखात्यात काम केलेल्या माणसाला विचारा. चहाच्या टपरीवर जे कळते ते परिपत्रकात सापडत नाही. पण टपरीची अडचण अशी, की तिथले शहाणपण तिथल्याच बाकांपुरते. नाशिकच्या डेपोत सुटलेले कोडे सांगलीच्या डेपोत पुन्हा पहिल्यापासून सोडवावे लागते.

झेरॉक्सनेही आधी तंत्रज्ञांना एकमेकांशी बोलण्यासाठी वायरलेस देऊन पाहिले. पण बोलणे हवेत विरते, ते उद्या सापडत नाही. दुसरीकडे संशोधकांनी एक हुशार संगणक-प्रणाली तयार केली. यंत्राची सगळी रचना तिच्या पोटात भरायची आणि दोष तिनेच शोधायचा. तंत्रज्ञांनी ती पाहिली, वाखाणली, आणि आम्हाला हिचा फारसा उपयोग नाही असेही सांगितले. कारण त्यांना छळणारे बिघाड यंत्राच्या आराखड्यात नसतातच. धूळ, दमट हवा, झिजलेली तार, गिऱ्हाइकाने वापरलेला स्वस्त कागद यांतून ते उपजतात. यावर बहुतेक संशोधक 'वापरणाऱ्यांनाच कळत नाही' म्हणून मोकळे झाले असते. हे मात्र तंत्रज्ञ काय करतात ते पाहायला गेले. तेव्हा दिसले, की जाणत्या माणसांच्या खिशात स्वतःच्या अक्षरातल्या युक्त्यांच्या वह्या आहेत.

मग १९९० च्या दशकात फ्रान्समध्ये 'युरेका' नावाची व्यवस्था उभी राहिली. तिथे घरोघरी टेलिफोनला जोडलेले 'मिनिटेल' नावाचे छोटे यंत्र होते. इंटरनेट सर्वदूर पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून फ्रेंच लोक त्यावर गाड्यांचे वेळापत्रक पाहत. (२०१२ साली ते बंद झाले तेव्हा अनेकांना हळहळ वाटली.) तंत्रज्ञांनी आपली युक्ती त्यावरून पाठवायची: लक्षण काय, कारण काय, खात्री कशी करावी, उपाय काय. ती आली की लगेच सर्वांना दिसत नसे. त्यांच्यातलाच एखादा मुरलेला तंत्रज्ञ ती तपासत असे, शंका असेल तर लिहिणाऱ्याशी बोलत असे, दुरुस्ती सुचवत असे. मान्य झाली की लिहिणाऱ्याच्या नावासह ती सर्वांसाठी खुली होई. एवढीच व्यवस्था.

पैशाचा प्रश्न निघालाच. प्रत्येक युक्तीमागे काही रक्कम द्यावी का? उत्तर आले, नको. पैसे लावले की माणसे युक्त्या मोजू लागतील, पारखणार नाहीत. त्याऐवजी नाव लावा. हे ऐकून एखाद्या कामगार पुढाऱ्याच्या भुवया उंचावतील आणि ते अगदीच गैर नाही. 'पैसे नकोत, मान द्या' हे वाक्य मालकाच्या तोंडी आले तर संशय घ्यावा. इथे ते कामगारांच्या बाजूने आले होते.

ब्राझीलमधली हकीकत तर पुढे पुष्कळांनी सांगितली. एका गिऱ्हाइकाचे रंगीत छपाईचे महागडे यंत्र काही केल्या ताळ्यावर येईना. सुमारे ४० हजार डॉलरचे यंत्र बदलून द्यायची वेळ आली. तेवढ्यात तिथल्या तंत्रज्ञाला कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या एका तंत्रज्ञाने लिहून ठेवलेली युक्ती सापडली. काही सेंट किमतीचा एक भाग बदलला आणि काम झाले. या व्यवस्थेने कंपनीचे १० कोटी डॉलर वाचले असावेत, असा अंदाज जॉन सीली ब्राउन आणि पॉल डुगिड यांनी २००० साली नोंदवला. ब्राउन स्वतः त्या संशोधन केंद्राचे प्रमुख होते, तेव्हा आकडा थोडा सैल धरला तरी हरकत नाही. त्या ब्राझीलच्या माणसाच्या जिवाला मिळालेला थारा कुठल्याच अंदाजात धरलेला नसतो.

आता पैसे लावल्यावर काय होते तेही पाहू. त्यासाठी फ्रान्सला जायला नको. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली आणि पुढे बंगळूरला गेलेली इन्फोसिस घ्या. 'एकदा शिका, सगळीकडे वापरा' अशा अर्थाचे घोषवाक्य मिरवणाऱ्या या कंपनीने या शतकाच्या आरंभी 'के-शॉप' नावाचे ज्ञानाचे दुकान आपल्या संगणकांवर थाटले. लेख किंवा अनुभव लिहिणाऱ्याला 'ज्ञानचलना'ची एकके मिळत आणि त्यांच्या बदल्यात बक्षिसे. झाले! लेखांचा महापूर आला. तपासणारे थकले, हवे ते शोधणाऱ्याला सापडेना, आणि 'तू माझ्या लेखाला चांगला म्हण, मी तुझ्या' असे शेजारधर्मही पाळले जाऊ लागले. रघु गरुड आणि अरुण कुमारस्वामी यांनी २००५ साली या प्रकरणावर सविस्तर निबंध लिहिला. कंपनीचे कौतुक असे, की तिने २००२ मध्येच योजना बदलली. एकके कमी केली, पैशाशी असलेले नाते सैल केले, आणि वाचणाऱ्याला खरा उपयोग किती झाला याला वजन दिले. चलन फार छापले की ते स्वस्त होते, हे हिशेबात पक्क्या असलेल्या माणसांनाही अनुभवानेच कळते.

पण लोक मुळात सांगत का नाहीत? आळस, वेळ नाही, ही वरवरची कारणे. खरे कारण आपल्या अंगात मुरलेले आहे. वैद्याबरोबर त्याचे औषध गेले, अशी एक तरी हकीकत प्रत्येक गावात असते. घराण्याची बंदिश मुलीच्या लग्नात आंदण म्हणून दिल्याच्या कथा गाण्याच्या बैठकीत अजून रंगतात. शिष्याला नव्व्याण्णव डाव शिकवून शंभरावा राखून ठेवणारा वस्ताद आपल्याला शहाणाच वाटतो. कचेरीतले मुरलेले हेडक्लार्क आठवा. कुठली फाइल कुठल्या कपाटात हे फक्त त्यांना ठाऊक, म्हणून साहेब बदलत आणि हे तिथेच असत. अशा माणसाला 'तुम्हाला माहीत आहे ते सगळे संगणकात भरा' असे सांगणे म्हणजे अंगावरचे चिलखत काढून द्यायला सांगणे.

आणि ही भीती खुळी म्हणता येत नाही. लिहून घेतले आणि मग माणसाला नारळ दिला, असे घडू शकते. आता तर साठवलेल्या टिपणांवरून संगणकच उत्तरे देऊ लागले आहेत. तेव्हा ज्याने टिपणे लिहिली त्याने 'माझे काय?' असे विचारले तर त्याला मागासलेला म्हणू नये. आधी उत्तर द्यावे. जिथे पुढच्या दोन वर्षांची खात्री नाही तिथे कुणी शंभरावा डाव दाखवणार नाही, मग पडद्यावरची व्यवस्था कितीही देखणी असो.

दुसऱ्या बाजूला नुकसानही खरे आहे. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. जमिनीखालून कुठली केबल कुठे वळते, कुठल्या पेटीत पावसाचे पाणी शिरते, हे जाणणारी माणसे त्यांत असणारच. निरोपाचा नारळ आणि शाल देताना ते कुणी विचारून घेत नाही.

विचारायचे ठरवले तरी आणखी एक अडसर असतो, त्याबद्दल फार कमी बोलले जाते. पुष्कळ कारखान्यांत संगणकावरचा तक्ता इंग्रजीत असतो. तीस वर्षे बॉयलर सांभाळलेल्या माणसाला जे येते ते मराठीत येते; त्यातही 'घरघर', 'खरखर' आणि 'फरफर' यांत त्याला जो फरक कळतो तो इंग्रजीत लिहा म्हटल्यावर तो हात जोडणारच. अशा ठिकाणी शिकाऊ मुलाला हाताशी द्यावे. म्हाताऱ्याने बोलावे, पोराने उतरवावे, फोनवर आवाज टिपून घ्यावा, आणि खाली दोघांची नावे लावावीत. हे काम पाळीच्या वेळेत व्हावे. घरी जाऊन लिहा म्हणणाऱ्याला ते नकोच असते.

आपल्या झेरॉक्सवाल्याचा मेकॅनिक मात्र कुणी न सांगता हे करतो. अडला की यंत्राचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या गटावर टाकतो, 'ड्रम बदलला तरी काळी रेघ येतेय, काय करू?' पाच-दहा मिनिटांत कुठूनतरी उत्तर येते. एरवी एकमेकांची गिऱ्हाइके पळवणारीच ही माणसे. पण समोर अडलेला ओळखीचा आहे, उद्या आपणही अडणार आहोत, आणि वर बसून मोजणारे कुणी नाही. फक्त सहा महिन्यांनी तशीच रेघ दुसऱ्या दुकानात उमटते तेव्हा ते उत्तर काही केल्या सापडत नाही. शुभेच्छांच्या आणि फुलांच्या चित्रांखाली ते केव्हाच गाडले गेलेले असते. मग तो पुन्हा फोटो काढतो.