एकच प्रोग्रॅम, संगणक अनेक

सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी मोजणे, जखमेचे क्षेत्रफळ काढणे, क्ष-किरण चित्रातल्या गाठीचा व्यास घेणे, ही कामे आता संगणकावर होतात. पण कार्यालयात विंडोज, प्रयोगशाळेत लिनक्स आणि एखाद्या प्राध्यापकाच्या टेबलावर मॅक अशी स्थिती असते. एका प्रणालीसाठी तयार केलेला प्रोग्रॅम दुसरीवर सहसा चालत नाही. मग सर्वांनी एकाच पद्धतीने मोजमाप करायचे कसे?

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील वेन रासबँड यांनी यावर उत्तर दिले. त्यांनी १९८७ साली सुरू केलेला ‘एनआयएच इमेज’ हा प्रोग्रॅम मॅकिंटॉश संगणकासाठी होता. १९९७ मध्ये त्यांनी त्याच धर्तीचा नवा प्रोग्रॅम जावा या भाषेत लिहिला. त्याचे नाव ‘इमेजजे’, आणि त्यातला ‘जे’ जावाचा. तो विनामूल्य असून तिन्ही प्रणालींवर चालतो. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत तो आजही रोजच्या वापरात आहे.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये आणलेल्या जावाची युक्ती डॉक्टरी भाषेत सांगतो. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहिले, तर कोणत्याही गावचा औषधविक्रेता आपल्याकडच्या कंपनीची तीच गोळी देऊ शकतो. जावाचा प्रोग्रॅमही थेट एखाद्या यंत्राच्या भाषेत न जाता ‘बाइटकोड’ या मधल्या भाषेत जातो. प्रत्येक प्रणालीवर बसवलेले ‘जावा व्हर्च्युअल मशीन’ हा त्या चिठ्ठीचा औषधविक्रेता. ते बाइटकोड वाचून आपल्या संगणकाला समजेल अशा आज्ञा देते.

मात्र ‘सगळीकडे चालतो’ याचा अर्थ ‘सगळीकडे सारखाच वागतो’ असा नाही. ‘रिपोर्ट’ हे फाइलचे नाव रोमन लिपीत एका ठिकाणी मोठ्या आणि दुसऱ्या ठिकाणी लहान अक्षराने लिहिले, तर विंडोज ते चालवून घेते. लिनक्सला मात्र ती फाइल सापडत नाही. हा दोष निदान लगेच दिसतो. न दिसणारे दोष अधिक धोक्याचे.

पहिला दोष आकड्यांचा. जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात आणि टिंब हजार वेगळे करण्यासाठी. संगणक जर्मन पद्धतीवर ठेवलेला असेल आणि प्रोग्रॅमने आकडे स्थानिक पद्धतीने वाचले, तर ‘२.५’ चे ‘२५’ होऊ शकतात. हा आकडा औषधाच्या मात्रेचा असेल तर ती दहापट झाली!

दुसरा दोष लिपीचा. जुन्या जावात मजकूर साठवण्याची पद्धत प्रोग्रॅमरने नेमून दिली नाही, तर ती त्या संगणकाच्या मांडणीनुसार ठरे. त्यामुळे लिनक्सवर नीट दिसणारे देवनागरी नाव विंडोजवर साठवताना नुसती प्रश्नचिन्हे होऊन बसे. २०२२ साली आलेल्या जावा १८ पासून ‘यूटीएफ-८’ ही पद्धत सर्वत्र मूळचीच धरली जाते. पण पूर्वी बसवलेले प्रोग्रॅम अनेक ठिकाणी तसेच चालू असतात.

म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि तो विकत घेणाऱ्या रुग्णालयांनी एक साधी तपासणी जरूर करावी. ज्या ज्या प्रणालीवर तो वापरायचा आहे, तिथे ‘ज्ञानेश्वर’सारखे जोडाक्षरांचे नाव आणि २.५ ही मात्रा भरावी, साठवावी, बंद करून पुन्हा उघडावी. दोन्ही जशीच्या तशी परत आली, तरच पुढच्या चाचण्या घ्याव्यात.