मागे टांगायचा फिल्टर आणि खाऱ्या पाण्याची टाकी

वर्गात समुद्री मासे पाळायचं म्हटलं की पहिली अडचण पैशाची. "सम्प लागेल, प्रोटीन स्किमर लागेल," असं दुकानात सांगतात आणि बेत तिथंच बारगळतो. पण साठेक लिटरच्या टाकीत दोन क्लाउनफिश ठेवायचे असतील, तर काचेच्या मागच्या कडेला अडकवायचा साधा, स्वस्त हँग-ऑन फिल्टरही पुरतो. मात्र तो काय करतो आणि काय करत नाही, हे आपल्याला माहीत हवं.

छोटी मोटर पाणी वर ओढते, ते स्पंजमधून जातं आणि धबधब्यासारखं परत टाकीत पडतं. गाळ अडकतो, पडणाऱ्या पाण्यात हवा मिसळते. पण खरं काम डोळ्यांना दिसत नाही. मासे अमोनिया बाहेर टाकतात, तो त्यांच्यासाठीच विष. स्पंजवर आणि दगडांवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. तोवर टाकीत मासे नकोत, फक्त चिमूटभर खाद्य टाकून कुजू द्यायचं. मुलांना धीर नसतो (आपल्याला तरी कुठे असतो!).

मी एकदा शाळेच्या टाकीतला स्पंज नळाखाली धरून अगदी स्वच्छ धुतला. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं जिवाणू मेले, अमोनिया वाढला आणि चौथ्या दिवशी मासा गेला. "सर, तुम्ही तर साफ केलं होतं ना?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून स्पंज टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात नुसता पिळतो.

आता जे हा फिल्टर करत नाही ते. स्किमर घाण कुजण्याआधी पाण्याबाहेर काढतो. हँग-ऑनच्या स्पंजमध्ये ती पाण्यातच राहते, कुजते आणि नायट्रेट साठत जातं. म्हणून दर आठवड्याला स्पंज पिळायचा आणि साधारण सहा लिटर पाणी बदलायचं. त्यातून सुटका नाही.

बाष्पीभवनाचं गणित तर सहावीची मुलंही करतील. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे 60 लिटरमध्ये 2100 ग्रॅम. तीन लिटर पाणी उडालं तरी क्षार तेवढेच. 2100 भागिले 57, म्हणजे जवळजवळ 37 ग्रॅम! ही भर गोड्या, क्लोरीन नसलेल्या पाण्यानं रोज करायची, खाऱ्या नाही. पाण्याची पातळी फार उतरली की वीज जाऊन आल्यावर काही फिल्टर पाणी ओढतच नाहीत, नुसती मोटर घरघरते. शनिवारी सुट्टी होण्याआधी हे बघून घ्या.

राहिला प्रश्न प्रवाळांचा. व्हिडिओत दिसतात तशी प्रवाळं मुलं हमखास मागतात. पण खडक बांधणारी प्रवाळं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच पंगतीत. तेव्हा सहलीला गेल्यावर किनाऱ्यावरचा मेलेला तुकडासुद्धा उचलून आणायला सांगू नका. जिवाणूंना घर म्हणून सिरॅमिकचे सच्छिद्र तुकडे छान चालतात. आणि क्लाउनफिश घेताना समुद्रातून पकडलेले नकोत, पैदास केलेले आहेत का, ते विचारा. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेनं त्यांची पैदास करून दाखवली आहे.